तळ्याची अट

जमीन देताना कोकणी माणूस एखादी अट घालतोच. निमूटपणे देऊन टाकणं त्याच्या रक्तात नाही. मुंबईची जामा मशीद म्हणजे अशाच एका अटीचं बांधकाम. क्रॉफर्ड मार्केटजवळ शेख मेमन स्ट्रीटवर, जिथे आज कापडाचे गठ्ठे माणसांच्या डोक्यावरून वाट काढतात, तिथे अठराव्या शतकात बागा होत्या आणि मधोमध मोठं तळं. मालक कोकणी मुसलमान व्यापारी. मशिदीला जागा द्यायला तो राजी झाला, पण तळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे, या बोलीवर. आता तळंच राखायचं तर मशीद ठेवायची कुठे? व्यवहारी मंडळींनी नमस्कार करून दुसरी जागा बघितली असती. इथल्यांनी पाण्यातूनच काळ्या दगडाच्या सोळा कमानी उभ्या केल्या आणि मशीद त्यांच्या खांद्यावर दिली. ओढा ओलांडायला लुंग्या खोचून पाण्यात उतरावं आणि गप्पांच्या नादात पलीकडे जायचंच विसरावं, तशा त्या कमानी अजून तिथेच उभ्या आहेत.

१७७५ साली सुरू झालेलं काम पुरं व्हायला १८०२ उजाडलं, कारण मध्ये जागेच्या मालकीवरून कज्जे लागले. वर माणसं भांडत होती, खाली झरे आपलं पाणी पुरवत होते. पुढे १८३७ मध्ये मुहम्मद अली रोगे या गलबतवाल्या कोकणी शेठने वर मजला चढवला. हे रोगे म्हणजे जमशेटजी जीजीभॉय यांचे व्यापारातले भागीदार. पाण्यावर भिस्त ठेवण्याचा त्यांना सराव होता. नमाजाआधी हातपाय धुवायला, म्हणजे वजू करायला, लोक अजूनही या तळ्याशी येतात, आणि त्यातले रंगीत मासे नि कासवं आपण कुणाच्या तरी शब्दावर जगतो आहोत याची गंधवार्ता नसल्यासारखी निवांत असतात.

या शहराने बाकीची बरीच तळी कधीच बुजवली. धोबी तलावात धोबी नाही नि तलावही नाही. गोवालिया टँकच्या जागी मैदान झालं, आणि १९४२ साली तिथून इंग्रजांना ‘चले जाव’ सांगितलं गेलं. पाणी त्याआधीच निघून गेलं होतं. सी. पी. टँक, दो टाकी: बसच्या पाटीवर सगळीकडे पाणी, उतरावं तर कोरडं. मशिदीखाली पाण्याचं खरं तळं शिल्लक राहिलं, त्याच्या नावाचा मात्र स्टॉप नाही. मशिदीशेजारच्या मंगलदास मार्केटच्या दारात कुणालाही ‘इथे टँक कुठे आहे हो?’ असं विचारून पाहावं. तो मोठ्या अगत्याने आपल्याला सी. पी. टँकच्या रस्त्याला लावून देईल.