हात वर करा

हात वर करून मत द्यायची वेळ आली की आमच्या गावात एकदम सगळ्यांच्या डोक्याला खाज सुटते. हात वर जातो, पण शेजारचा गेलाय का हे बघत बघत. तो गेला नसेल तर वाटेतच वळतो आणि टाळू खाजवून खाली येतो. शाळेच्या पालकसभेत असे तीन हात मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. तिन्ही माझ्याकडे येता येता परत फिरले होते.

माझे आजोबा या शाळेला शेवटपर्यंत 'बोर्डाची शाळा' म्हणत. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, लोकल बोर्ड गेलं; आजोबांच्या तोंडातून मात्र ते हललं नाही. ते बोर्ड बसायचं साताऱ्याला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेचा कारभार पहिलीच्या वर्गातल्या सतरंजीवर आणून बसवला. त्याचं नाव शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतलाच आणि मुख्याध्यापक सचिव. दोन विद्यार्थीही असतात, पण त्यांना मत नसतं. पालकांची मतं बनवायचं काम मात्र पोरंच करतात, हे मला संध्याकाळी कळलं.

एरवी ही समिती चहाला उकळी फुटेपर्यंत बिनविरोध होऊन जाते. गुरुजी नावं वाचतात, नाववाले 'मला कशाला, मला कशाला' म्हणतात आणि सह्या करतात. यंदा चौथीच्या पालकांच्या दोन जागांपैकी एक एका वहिनींना एकमतानं गेली आणि दुसरीला दोन नावं आली. एक वडाप चालवणाऱ्या दादांचं. दुसरं माझं.

मी तयारीनं गेलो होतो. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा असतो, असं कायद्याचं २२ वं कलम सांगतं. तो मी फुलस्केपच्या अडीच पानांवर आधीच उतरवून नेला होता. आमच्या पटाला संयुक्त अनुदानाचे वर्षाला २५,००० रुपये धरतात. त्यातून पुस्तकांना किती, नळांना किती, हे मी वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. दादा उठले, टोपी सारखी केली, 'जमंल तसं करू' म्हणाले आणि बसले. त्यांना टाळ्या पडल्या नाहीत. मी मनातल्या मनात बैठकीची पहिली तारीख ठरवून टाकली.

एकतीस पालकांपैकी सहा हात मला मिळाले. त्यातला एक बायकोचा, आणि तोही जरा उशिरानं.

हरलेल्या माणसाला लोक चहा आग्रहानं पाजतात. दोन कप झाल्यावर मी चौकशीला लागलो. माझं भाषण कुणाला कळलं नसेल, अशी माझी समजूत होती. तसं नव्हतं, भाषण सगळ्यांना कळलं होतं, आवडलंही होतं. मत देताना ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, एवढंच.

डेअरीवर माप घालणारे अण्णा म्हणाले, "दादा फॅट कमी लागलं तर भांडत्यात. पर शेजारणीचं कमी लागलं तरी भांडत्यात." बाजूच्या काकूंचं कारण वेगळं होतं. दादांची जीप शाळेच्या वळणावर हळू होते, आत गिऱ्हाईक कितीही घाई करत असलं तरी. एक जण म्हणाला, दादांचा फोन लागतो. दुसऱ्यानं खाली बघत सांगितलं, त्याच्या आणि माझ्या आजोबांत बांधावरून वाकडं होतं. सगळीच कारणं थोर होती असं नाही. बाजाराच्या दिवशी दादा एखाद्याचं भाडं सोडतात, तेही दोन-चार हातांत असणारच.

पण सगळ्यात जास्त वेळा कानावर आला तो एकच प्रश्न : "माणूस घावतो का?"

त्याला इतिहास होता. समितीच्या बँकखात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोघांच्या सह्या लागतात. मागचे अध्यक्ष शिकलेले, बोलायला गोड. निवडून आले आणि सहा महिन्यांत कामाला पुण्याला गेले. मग गुरुजी शनिवारी चेकबुक पिशवीत घालून एसटी स्टँडवर उभे राहायचे. अध्यक्ष गाडीतून उतरले तर सही, नाही तर पुढचा शनिवार. गळक्या पत्र्याचे पैसे खात्यात होते आणि पाणी दुसरीच्या वर्गात. त्या पावसाळ्यात दुसरीची पोरं व्हरांड्यात बसून पाढे म्हणत होती आणि त्यांच्या आया ते बघत होत्या. माझ्या अडीच पानांत नळ होता, पुस्तकं होती. मंगळवारी सकाळी मी गावात असतो की नाही, हे कुठंच नव्हतं.

मोठ्या निवडणुकीत उमेदवार लांबचा असतो, म्हणून त्याचं बोलणं ऐकावं लागतं. इथं उमेदवार रोजचा. त्याची गुरं, त्याचं उधार, त्याच्या पोराची नखं, रात्री दहानंतरचा त्याचा आवाज, हे सगळं जाहीरनाम्याच्या आधीच वाचून झालेलं असतं. भाषण करायला उभा राहिलेला माणूस म्हणजे निकाल लागल्यावर पेपर लिहायला बसलेला विद्यार्थी. म्हणूनच बहुधा दादा इतक्या लवकर बसले.

हे पटवून घेत मी निघालो, तर खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी फाटकाशी गाठलं. त्यांच्या हातात पळी होती. "भाषण झ्याक झालं," त्या म्हणाल्या, "पर तुमच्या मोरीचं पाणी रस्त्यावर येतंय न्हवं?"

घरी आलो आणि पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या पोराच्या उंचीवरून माझ्या दाराकडं बघितलं. मोरीचं पाणी रस्ता ओलांडून पार पलीकडच्या कुंपणापर्यंत गेलं होतं. मधोमध कुणीतरी एक सपाट दगड टाकलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलात लहान लहान पावलं उमटली होती. एका ठिकाणी पाच बोटं आणि तळवा. तिथं कुणीतरी हातावर पडलं होतं.

"आम्ही सगळे दगडावरून उडी मारतो," मुलगी म्हणाली. "दुसरीतली ती बारकी रोज पडते. तिच्या आईला मीच सांगितलं, आमच्या घराचं पाणी आहे म्हणून."

"सभेच्या आधी?"

"हो. पण मला मत नव्हतं ना, पप्पा."

रविवारी तालुक्याला जाऊन पाइप आणला. येताना वडाप दादांचंच होतं. त्यांनी तो टपावर बांधला, दोरी ओढून बघितली, भाडं घेतलं नाही. शाळेच्या वळणावर जीप हळू झाली. रविवार होता, शाळेला कुलूप होतं, तरी झाली. मला दारात उतरवून त्यांनी पाइप खाली घेतला, तोंडाशी पंजा धरून मापला आणि म्हणाले, "तीन इंची आणलासा. चार इंची घ्यायचा हुता. दोन वर्षांनी परत उभं ऱ्हायचंय न्हवं?"