ॲरागॉर्नचं वय सत्त्याऐंशी

ॲरागॉर्नची भूमिका मलाच मिळायला हवी होती, या मतावर मी आजही ठाम आहे. पीटर जॅक्सनच्या सिनेमातली नव्हे, इतका मी वेडा नाही. माझ्या भाच्याने कॉलेजचं टोळकं हाताशी धरून मोबाइलवर काढलेल्या आणि आमच्या सोसायटीच्या गणपतीत दाखवलेल्या ‘मुद्रिका’ नावाच्या लघुपटातली. खर्चाचा मोठा वाटा माझा होता. तलवार माझी होती. मुळात या पोराला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं वेड लावलं तेही मीच. त्याच्या वयाची बाकीची मुलं मामाकडून चिऊ-काऊ ऐकत होती, तेव्हा मी त्याला मांडीवर घेऊन मॉर्डोरचा नकाशा दाखवत होतो. बहीण अजून त्यावरून बोलते.

सिनेमे तीन, २००१, २००२ आणि २००३ सालचे. शेवटच्याला अकरा नामांकनं आणि अकराच्या अकरा ऑस्कर. पण माझा जीव अडकला तो पडद्यामागे. कोणाला कोणती भूमिका मिळाली, कोणाची हुकली, कोणी नाकारली, हे मला सिनेमापेक्षा जास्त पाठ. शॉन कॉनरीला गँडाल्फ विचारला होता. त्याला ती कथाच कळेना, म्हणून तो नाही म्हणाला. हे सांगितल्यावर माझ्या बायकोला एकदम बरं वाटलं. तोवर तिला वाटत होतं, आपल्यालाच कळत नाही.

ऑफिसखालच्या टपरीवर मी आणि एक मित्र या सिनेमाची मराठी पात्रयोजना करत असू. गँडाल्फ डॉ. श्रीराम लागू, यावर दुमत नव्हतं. सरुमान निळू फुले. मनोऱ्याच्या गच्चीवरून ते नुसते खाकरले असते तरी खालचं अर्धं सैन्य शरण आलं असतं. मेरी आणि पिपिन म्हणजे अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे, हे तर कुणीही सांगेल. आणि गोलम दिलीप प्रभावळकर. जो माणूस ‘झपाटलेला’तला तात्या विंचूही होतो आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजीही होतो, त्याला एका अंगात दोन स्वभाव वागवणं काय जड आहे? सिनेमातला गोलम करणाऱ्या अँडी सर्किसनेही आनंदाने खुर्ची सोडली असती. उरला ॲरागॉर्न. तिथे आलो की मी चहाच्या ग्लासात बघत गप्प बसे, समोरच्याने नाव सुचवावं म्हणून. त्याने दर वेळी नाना पाटेकर सुचवला.

माझी आशा फुकट नव्हती, तिला विगो मॉर्टेन्सनचा आधार होता. ऑक्टोबर १९९९मध्ये न्यूझीलंडमध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ॲरागॉर्न होता स्टुअर्ट टाउनसेंड. तो फार तरुण दिसतो असं जॅक्सनच्या लक्षात आलं आणि ऐन वेळी विगोला फोन गेला. त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं. जावं की न जावं, अशा घोळात होता. पोराने गळ घातली म्हणून विमानात बसला. यावरून मी धडा घेतला की बोलावणं कधीही येतं, माणसाने तयार असावं. अनोळखी नंबरचा फोन मी तेव्हापासून टाळत नाही. आजवर सगळे कर्ज देऊ करणारे निघाले.

तसे या सिनेमांतून मी बरेच धडे घेतले. गँडाल्फ पोहोचतो तीच वेळेवर पोहोचण्याची वेळ, हे तत्त्व ऑफिसात लावून पाहिलं. साहेबांनी अर्धी रजा मांडली. पुलावर काठी रोवून बालरॉग राक्षसाला अडवणारा गँडाल्फ डोळ्यांसमोर ठेवून मी एकदा सोसायटीच्या फाटकात, छत्री रोवून, उलट्या बाजूने घुसणारा टँकर अडवला. टँकरवाल्याने माझ्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं आणि गाडी वळवून निघून गेला. बालरॉगच्या पाठीवर सगळ्या इमारतीचं पाणी नव्हतं, हा फरक चेअरमननी मला नंतर सविस्तर समजावला. हॉबिट लोकांचा दुसरा नाश्ता मात्र मला पहिल्या दिवसापासून लागू पडला. पुढे माझ्या आणि ॲरागॉर्नच्या मध्ये जे काही आलं, त्यात या नाश्त्याचा घेर मोठा होता.

तर भाच्याने ‘मुद्रिका’ काढायची ठरवल्यावर मी माझं नाव स्वतःच सुचवलं.

“मामा, तू बावन्न वर्षांचा आहेस.”

“ॲरागॉर्न सत्त्याऐंशी वर्षांचा आहे. दुसऱ्या भागाच्या लांब आवृत्तीत स्वतः सांगतो. उलट मीच जरा कोवळा पडतो.”

“अरे, पण तो दिसत नाही.”

मग त्याने मीच शिकवलेली विद्या माझ्यावर चालवली. ऑर्लंडो ब्लूम फॅरामीरसाठी गेला होता, त्याला लेगोलस मिळाला. डॉमिनिक मोनॅहन फ्रोडोसाठी गेला, मेरी होऊन आला. क्रिस्टोफर ली तर दर वर्षी ते पुस्तक वाचायचा, लेखक टोल्किनना प्रत्यक्ष भेटलेला, गँडाल्फ व्हायचं स्वप्न बघत होता. त्याला सरुमान दिला आणि त्याने सोनं केलं. “मागितलेली भूमिका कोणालाच मिळत नाही, मामा. तू गिम्ली कर.”

माझी उंची बेताची आहे, पण अपमान कळण्याइतकी आहे. मी म्हटलं, “गिम्ली करणारा जॉन ऱ्हिस-डेव्हिस सहा फुटांच्या वर होता. उंच माणसाला बुटका करता येतो, तर बुटक्याला उंच करायला काय झालं? कॅमेऱ्याजवळचा मोठा दिसतो, लांबचा लहान दिसतो, हीच तर जॅक्सनची युक्ती. मला कॅमेऱ्यासमोर उभा कर आणि बाकीच्यांना खडकवासल्याला.”

पैसे अजून माझ्या खिशात होते, म्हणून तो म्हणाला, “बघू. दाढी तर वाढव.”

नेमका श्रावण लागला. लिफ्टमध्ये पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, “काय, श्रावण का?” गोंडोरच्या गादीचा वारस वगैरे दुसऱ्या मजल्यापर्यंत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी मान हलवली. बातमी पसरली. बायकोला खरं कारण माहीत होतं, पण तिने संधी सोडली नाही. सुरमई बंद, अंडी बंद, कांदा-लसूणही बंद. ऑफिसातले लोक डब्यात काहीबाही आणलं की माझ्याकडे पाठ करून जेवायला लागले. वरच्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे दुखतात. त्यांनी सोमवारी महादेवाला बेल वाहायचं काम माझ्यावर सोपवलं. दर सोमवारी ऑफिसच्या आधी मी बेलाची पुडी घेऊन रांगेत. विगो म्हणे अंगावरचे कपडे स्वतः शिवायचा, तलवार कायम जवळ बाळगायचा. त्याने एकदा ही रांग लावून दाखवावी.

चित्रीकरणाच्या आदल्या रात्री मी हेल्मेटचा प्रसंग बसवत होतो. जाणकारांना सांगायला नको: मित्र मेले असं समजून ॲरागॉर्न संतापाने शिरस्त्राणाला लाथ मारतो आणि किंचाळत गुडघ्यावर कोसळतो. ती किंकाळी खरी होती, विगोच्या पायाचं बोट मोडलं होतं आणि तोच शॉट जॅक्सनने सिनेमात ठेवला. मी स्कूटरचं हेल्मेट घेतलं. ते आयएसआय शिक्क्याचं असल्याने त्याला काही झालं नाही. माझी किंकाळी, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून, विगोइतकीच अस्सल होती. फक्त त्या वेळी कॅमेरा बहिणीच्या घरी चार्जिंगला होता. अंगठा टोमॅटोएवढा झाला. बायकोने बर्फ दिला आणि म्हणाली, “श्रावणात लाथा मारू नयेत.”

चित्रीकरण सिंहगडावर. पावसाळ्यातल्या धुक्यात सिंहगड कुठल्याही काल्पनिक पर्वताला हार जाणार नाही, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य. मंडळी जीपने वर निघाली. मला मात्र शॉन बीन आठवला. त्याला हेलिकॉप्टरची धास्ती. बाकीचे नट उडत डोंगरावर जायचे आणि हा बोरोमीरच्या संपूर्ण वेषात, ढालीबिलीसकट, पायी चढायचा. मला जीपची धास्ती नाही, पण असलं काही ऐकलं की माझ्या अंगात येतं. मी आतकरवाडीला उतरलो. अंगावर घोंगडी, डोक्याला पट्टी, कमरेला तलवार, एका पायात बूट आणि सुजलेल्या पायात चप्पल.

पहिल्या चढालाच सत्तरीतले दोन आजोबा गप्पा मारत माझ्या पुढे गेले. ताकवालीने “दादा, बसा, घाम पुसा,” म्हणून बसवून घेतलं. तिथे एक कुटुंब थांबलं होतं. त्यांच्या छोट्या मुलाने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि दोन्ही हातांनी मुजरा केला. त्याची आई म्हणाली, “मावळे आहेत ते. त्यांना विचार, तानाजी कुठून चढले.”

अशा वेळी माणूस “मी इसिल्डरचा वंशज” म्हणून सांगू शकत नाही. मी खाकरलो आणि सुरुवात केली. १६७०, माघातली रात्र, रायबाचं लग्न बाजूला ठेवून निघालेले तानाजी मालुसरे, सरळसोट कडा, उदयभानाशी झुंज, शेलारमामा. मुलाचे डोळे मोठे होत गेले, आणि खरं सांगायचं तर माझेही. आणखी एक घोळका थांबला. मग तिसरा. लोक फोटो काढायला लागले. एका काकांनी वीस रुपये पुढे केले, ते मी बाणेदारपणे नाकारले. ताकवालीने मात्र ताकाचे पैसे घेतले नाहीत, ते मी मुकाट्याने स्वीकारलं. असा थांबत, लंगडत, तानाजी सांगत मी पुणे दरवाजाला पोहोचलो तेव्हा ॲरागॉर्नचे सगळे प्रसंग उरकून मंडळी पिठलं-भाकरी खात होती.

ॲरागॉर्न कोणी केला? जीपच्या ड्रायव्हरने. दाढी त्याची आधीचीच होती. उंची पावणेसहा फूट, आवाज भरदार, सिनेमा त्याने पाहिलेला नव्हता. “विगोनेसुद्धा पुस्तक वाचलं नव्हतं, मामा,” भाचा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझी तलवार कोणाच्या कमरेला होती, असा प्रश्नच नव्हता. ती माझ्याकडे होती. त्याने सगळं युद्ध जीपच्या जॅकच्या दांड्याने लढलं होतं. दिसायला ते जास्त खरं वाटलं, असं सगळे म्हणत होते.

माझ्यासाठी ऑर्क, म्हणजे शत्रूच्या सैन्यातला एक शिपाई, ठेवला होता. मी तोंडाला काजळी फासेपर्यंत पाऊस आला आणि चित्रीकरण आटोपलं.

पण भाचा मनाचा मोठा. दोन दिवसांनी म्हणाला, “मामा, तुला जॅक्सनचं काम देतो.” त्यालाही किस्सा मीच सांगितलेला होता. ‘टू टॉवर्स’मधल्या ऑर्कसैन्याच्या गर्जनेसाठी २००२ साली वेलिंग्टनच्या स्टेडियममध्ये, एक दिवसाच्या क्रिकेट सामन्याच्या मध्यंतरात, जॅक्सन स्वतः मैदानात उतरला आणि सुमारे २५,००० प्रेक्षकांकडून त्याने ऑर्कांच्या घोषणा म्हणून घेतल्या. आमच्याकडे सोसायटीच्या अंडरआर्म स्पर्धेची अंतिम लढत होती. प्रेक्षक पन्नासएक, त्यातले काही केवळ वड्यांसाठी आलेले. मध्यंतरात मी खुर्चीवर चढलो, कागदावरचे ऑर्कभाषेतले शब्द नीट फोड करून सांगितले, हात वर केला आणि छातीच्या जोरावर पहिली आरोळी ठोकली.

पुण्यातल्या घोळक्यासमोर कोणी खुर्चीवर चढून, हात वर करून ओरडलं, तर पुढे काय म्हणायचं हे त्या घोळक्याला लहानपणापासून माहीत असतं. पन्नास कंठांतून एकसुरात आलं, “मोरया!”

मी पुन्हा समजावलं. पुन्हा मोरया. तिसऱ्यांदा मी आरोळीच बदलून पाहिली, तर वडेवाल्यानेही साथ दिली. भाचा म्हणाला, राहू दे, आवाज खाली ओढून संथ केला की कोणाला कळणार नाही.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी मंडपात पडदा लागला. ड्रायव्हर राजबिंडा दिसत होता, हे मला मान्य करावं लागतं, माझ्या आईने दोनदा विचारलं, “हा कोणाचा रे?” मग क्षितिजावर अंधार दाटला आणि ऑर्कांचं सैन्य कल्याण दरवाजाकडून घुमत निघालं, खोल, संथ, भयानक. पहिल्या रांगेतल्या पोरांनी क्षणभर कान टवकारले. आणि सगळी एकदम ओरडली, “मोरया!” मागून मोठ्यांनी उचललं. पडद्यावर गर्जना, खाली प्रतिसाद. खजिनदार सवयीने उठून उभे राहिले, त्यांना बघून बाकीचे उठले, कोणीतरी झांजा काढल्या आणि गोंडोरचा राज्याभिषेक आरतीला उभ्या राहिलेल्या माणसांच्या पाठींवर पार पडला. श्रेयनामावलीत माझं नाव होतं म्हणे. ती येईपर्यंत पडदा सोडून प्रसादाची पातेली मांडली गेली होती.

पुढच्या वर्षी भाचा ‘हॅरी पॉटर’ करतो आहे. हॉग्वर्ट्सच्या पद्मा आणि पार्वती पाटील इथेच मिळतील, सोसायटीत पाटलांची तीन घरं आहेत. मी डंबलडोरवर लक्ष ठेवून आहे. रिचर्ड हॅरिस ती भूमिका घेणार नव्हता. नातीने दम दिला, नाही केलंस तर तुझ्याशी बोलणार नाही, म्हणून तयार झाला. भाच्याची धाकटी बहीण अकरा वर्षांची आहे आणि भावाचा तिच्यावर फार जीव आहे. तिला सध्या मी रोज एक चॉकलेट देतो आहे. भावाला काय दम द्यायचा, ते तिने पाठ केलंय. फक्त शेवटी ती माझ्या नावाऐवजी ड्रायव्हरचं नाव घेते.