मोकळ्या जागेचे दप्तर

जून महिन्याच्या उत्तरार्धात अजिंक्यपदाचा करंडक एकदाचा कोणाच्या तरी हाती पडला आणि प्रेक्षागारांतील दिवे मालवले, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा खरा हंगाम सुरू होतो, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे. तत्पूर्वीचे आठ महिने ताडमाड उंचीचे पुरुष टोपलीत चेंडू टाकण्याचा जो उद्योग करीत असतात तो निव्वळ पूर्वरंग होय. उत्तररंग रंगतो तो जमाखर्चाच्या वह्यांत, आणि त्याचे नायक असतात वकील, हिशेबनीस व मुतालिक, ज्यांच्यावर चेंडू हाती धरण्याचा प्रसंग सहसा ओढवत नाही. ३० जूनच्या सायंकाळी सहा वाजता मुक्त खेळाडूंचा बाजार उघडावयाचा असतो, आणि त्या घटकेपर्यंत ज्याला बाहेरचा नामांकित मोहरा हवा असेल त्या क्लबाला आपल्या वेतनपत्रकात मोकळी जागा निर्माण करावयाची असते. सॅक्रॅमेंटो किंग्ज हा क्लब २०१३ साली ज्यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने विकत घेतला ते विवेक रणदिवे जन्माने मुंबईकर आहेत. मोकळ्या जागेचे मोल काय असते, हे तीस क्लबांच्या मालकांपैकी निदान एकाला तरी कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

मूळ कायदा मोठा सात्त्विक आहे. १९८३ च्या मार्चमध्ये, अनेक क्लब डबघाईस आले असता, मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात तह झाला आणि असे ठरले, की उत्पन्नाचा ठराविक हिस्सा खेळाडूंना मिळावा व त्याच्या मोबदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनाला मर्यादा असावी. १९८४-८५ साली ही मर्यादा ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साली ती १५ कोटी ४६ लाख डॉलरांवर गेली. धनाढ्य नगरीने सारेच गुणवान विकत घेऊ नयेत आणि लहान गावालाही अधूनमधून जिंकण्याची आशा बाळगता यावी, हा त्यातला उदात्त हेतू. परंतु या मर्यादेचे लोकोत्तर वैशिष्ट्य असे, की ती राजरोस ओलांडता येते. आपल्याच पदरी काही वर्षे चाकरी केलेल्या खेळाडूला पुन्हा ठेवून घेताना ती आड येत नाही. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी ही सवलत म्हणजे एक प्रकारचे वतनच असून, क्लब तिला प्राणापलीकडे जपतात. मर्यादेच्या वर कराची रेषा आहे, तिच्याही वर ‘पहिला एप्रन’ आणि ‘दुसरा एप्रन’ अशा दोन पायऱ्या आहेत, आणि २०२३ च्या करारापासून जो या शेवटच्या पायरीवर चढतो त्याची, नवोदित खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक सोहळ्यातील, सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठवून ठेवण्यात येते. म्हणजे आज कोठे तरी सहावी-सातवीत शिकत असलेल्या एका अज्ञात बालकाची अदलाबदल करण्यास त्या क्लबाला मनाई होते. शासनाची दूरदृष्टी याहून अधिक ती काय असावी?

आता वेतनपत्रकाकडे वळू. पापभीरू वाचकाची समजूत अशी, की ज्याला पगार द्यावयाचा त्याचे नाव पत्रकात असते आणि ज्याला द्यावयाचा नाही त्याचे नसते. ती त्याने विसरावी. ज्याचा करार संपला आणि जो उद्या दुसरीकडे जाण्यास मोकळा आहे, तो सोडून जाईपर्यंत आपल्या क्लबाच्या पत्रकात ठाण मांडून बसतो, आणि तेही जुन्या पगाराने नव्हे तर बहुधा त्याच्या दीडपटीने. कारण वतनाचा हक्क राखावयाचा तर त्याची जागा अडवून ठेवणे भाग असते. क्लबाला ती मोकळी करावयाची असेल तर त्याने रीतसर बेदावा लिहून द्यावा, आणि बेदावा दिला की वतन बुडाले. हे एक वेळ समजून घेता येईल; परंतु सर्वांना निरोप देऊन, साऱ्या हक्कांवर पाणी सोडून, पत्रक कोरे करणाऱ्या क्लबालाही पूर्ण मोकळी जागा लाभत नाही, कारण बारापेक्षा जितकी नावे कमी भरतील तितक्या रिकाम्या खुर्च्यांमागे एकेक किमान वेतन धरण्यात येते. गेलेल्याचा पगार, येणाऱ्याचा पगार आणि जो अद्याप कोणीच नाही त्याचाही पगार! शून्यावर एवढा सूक्ष्म विचार आमच्या दार्शनिकांनंतर याच मंडळींनी केला असावा.

या शास्त्रातील आमचे आवडते आख्यान लुओल डेंगचे. २०१६ साली दूरचित्रवाणीच्या नव्या कराराचा पैसा एकदम ओतला गेला, आणि ७ कोटींची मर्यादा एका रात्रीत ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने व्हावी अशी सूचना आधीच पुढे आली होती. ती खेळाडूंच्या संघटनेने फेटाळली. मग काय विचारता! आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटने त्या मोकळ्या जागेत केविन ड्युरंटला बसविले; आणि लॉस एंजेलिस लेकर्सने, बाजार उघडल्यावर पहिला सूर्य उगवण्याच्याही आत, तिमोफे मोझगोव्ह नामक धिप्पाड गृहस्थाला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले, व पाठोपाठ डेंगला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख. वर्षभरात पश्चात्ताप झाला. मोझगोव्हला खपविण्यासाठी डी’अँजेलो रसेल हा उमदा तरुण त्याच्याबरोबर आंदण म्हणून ब्रुकलिनला द्यावा लागला, आणि तो तेथे जाऊन दोन वर्षांत नामवंतांच्या पंगतीत बसला. डेंगला मात्र कोणी आंदणासकटही घेईना. दुसऱ्या हंगामात एकच सामना खेळवून त्याला बसवून ठेवण्यात आले, आणि २०१८ साली फारकत देऊन त्याच्या देण्याची हप्तेबंदी झाली. कायद्याचे सूत्र असे, की उरलेली वर्षे दुप्पट करावी, त्यांत एक मिळवावे, आणि येईल तितक्या वर्षांवर देणे पसरावे. त्या सूत्रानुसार डेंग खेळातून निवृत्त झाल्यावरही लेकर्सच्या पत्रकात सालीना सुमारे ५० लाख डॉलर अडवून बसला होता. २०२० साली लेकर्स अजिंक्य ठरले तेव्हा, घाम न गाळता, त्यांच्या खर्चात त्याचा वाटा होताच.

तरी डेंग हा या पंथातला साधा संत. महंतपद मिलवॉकी बक्सकडे जाते. २०२५ च्या एप्रिलमध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळताना डेमियन लिलार्डच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. त्याचे दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर येणे होते. जुलै उजाडताच बक्सने त्याला मुक्त केले, ते देणे पाच वर्षांवर पसरविले, आणि जी जागा मोकळी झाली तीत कोणाला आणले म्हणाल, तर त्याच इंडियानाच्या मायल्स टर्नरला! लिलार्ड आपल्या जुन्या पोर्टलंडला परतला, तेथेही त्याला स्वतंत्र पगार मिळाला, आणि मिलवॉकीच्या वहीत २०३० पर्यंत सालीना सव्वादोन कोटींच्या घरात त्याची बाकी राहिली. टाच दुखावलेला मनुष्य दोन गावी एकाच वेळी उभा राहू शकतो, हे वैद्यकाला अशक्य वाटेल. हिशेबाला वाटत नाही.

असलेल्याला नाहीसे करण्याची ही विद्या झाली. नसलेल्याला हजर करण्याची विद्या तिच्याहून जुनी आणि, आमच्या मते, अधिक रसाळ आहे. मर्यादेबाहेर गेलेल्या क्लबाला अदलाबदल करावयाची तर दोन्ही पारड्यांतले पगार जवळपास सारखे भरावे लागतात, आणि पारडे कमी पडले की वजन शोधण्याची पाळी येते. २००८ च्या फेब्रुवारीत लेकर्सला मेम्फिसकडून पाउ गॅसॉल हवा होता आणि पारडे उचलले जात होते. तेव्हा त्यांनी एअरन मॅकी याला हुडकून काढले, जो आदल्या हंगामात त्यांच्याकडे होता व आता फिलाडेल्फियात बिनपगारी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून विद्यादान करीत होता. त्याच्यावरील वतनाचा हक्क शाबूत होता. त्याला करार दिला, पारड्यात टाकले, मेम्फिसला पाठविले. तेथे तो एकही सामना खेळला नाही. त्याच महिन्यात डॅलसला जेसन किड पाहिजे होता. पहिला बेत डेव्हिन जॉर्ज या दुय्यम खेळाडूने आपला नकाराधिकार वापरून उधळला, कारण बदली मान्य केली तर त्याचे स्वतःचे वतन बुडत होते. म्हणून मग २००६ पासून एकही सामना न खेळलेल्या कीथ व्हॅन हॉर्नला उठवून सुमारे ४३ लाख डॉलरांना विकत घेऊन लगेच विकण्यात आले. गॅसॉलने लेकर्सला दोन अजिंक्यपदे मिळवून दिली, किडने डॅलसला एक. या तिन्ही विजयांचे श्रेय ज्यांच्या अनुपस्थितीला आहे त्या दोघांचा सत्कार कोठे झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

एवढ्या वाटा उघड्या असताना चोरवाट धरण्याची बुद्धी कोणाला व्हावी, असे वाटेल. पण मिनेसोटा क्लबाला ती झाली. जो स्मिथ नावाच्या खेळाडूने अल्प वेतनाचे एकेक वर्षाचे तीन करार करून वतन पिकवावे आणि मग त्याला ८ कोटी ६० लाख डॉलरांपर्यंतचे घबाड मिळावे, असा गुप्त करार त्यांनी केला, आणि गुप्त असूनही तो कागदावर उतरवून ठेवला. दलालांच्या आपसांतील दाव्यात तो कागद बाहेर आला. २००० साली ३५ लाख डॉलर दंड झाला आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी जप्त झाल्या. पुढे दोन माफ झाल्या. स्मिथ वर्षभर डेट्रॉइटला राहून पुन्हा मिनेसोटातच नांदावयास आला.

तोंडी वचनाची कथा याच्या अगदी उलट. बाजार उघडल्यावर काही दिवस सौदे बोलावयाचे पण सही करावयाची नाही, असा एक सोवळेपणाचा काळ पाळला जातो. २०१५ साली डीआंद्रे जॉर्डनने याच काळात डॅलसला शब्द दिला. क्लिपर्सचे त्याचे सहकारी विमानाने व मोटारीने त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन बसले. ब्लेक ग्रिफिनने दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकविल्याचे छायाचित्र जगजाहीर केले. आणि मध्यरात्री सोवळे सुटताच जॉर्डनने क्लिपर्सच्याच कागदावर सही ठोकली. तीन वर्षांनी तो डॅलसला गेला, पण तोवर त्याची त्यांना फारशी निकड उरली नव्हती.

राहता राहिली ती ३० जूनची सहाची घंटा. तिच्यापूर्वी कोणी कोणाशी बोलावयाचे नाही असा दंडक आहे, आणि सहा वाजून एका मिनिटाला चार वर्षांचे, कोट्यवधी डॉलरांचे, कलमवार ठरलेले करार वृत्तपत्रांच्या हाती पडतात; एका मिनिटात एवढी घासाघीस उरकणारे व्यवस्थापक पाहून कोणत्याही जिल्हा कचेरीच्या शिरस्तेदाराने तोंडात बोट घालावे. क्वचित चौकशी होते. २०२१ च्या सौद्यांबद्दल शिकागो आणि मायामी या क्लबांची दुसऱ्या फेरीची एकेक निवड काढून घेण्यात आली. पण खेळाडू ज्याच्या त्याच्याकडेच राहिले. २०२४ पासून मात्र अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच क्लबाला स्वतःच्या खेळाडूंशी बोलण्याची मुभा मिळाली आहे, त्यामुळे निदान आपल्या घरातील माणसाशी बोलण्यास तरी आता सबब शोधावी लागत नाही.