दुसरं टोक

लग्नात अंतरपाट धरायला, पंखा बसवताना शिडी धरायला, सतरंजी झटकताना समोर उभं राहायला नातेवाइकांना हमखास मी आठवतो. कर्तृत्व नेहमी पहिल्या टोकाला असतं, मी दुसऱ्या टोकाचा माणूस. त्यामुळे मामाचा फोन आला, "पोलादपूरला ये, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी बघू, प्रतापगड करू," तेव्हा मी बायकोला म्हणालो, "काहीतरी धरायचं असणार."

मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून चौपदरी होतोय. ठाण्याहून निघालो आणि पोचलो, एवढंच त्याबद्दल सांगतो. बाकीचं माझ्या कमरेला विचारा.

मामाच्या दारात चहाच्या आधी ट्रॉली दिसली. मे संपत आलेला, पावसाच्या आत सरपण घरात यायला हवं. गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच, हा मामीचा कायदा. ट्रॉली दहा बाय सहाची, फाळके दोन फुटी. त्यावर रचलेली लाकडं उताराच्या पहिल्याच वळणाला परत जंगलात जायला बघतात. म्हणून फाळक्यांवर तीन फुटी कठडे करायचे. तेही काढता-घालता येणारे, कारण याच ट्रॉलीत शेणखत भरायचं असतं आणि पाच फुटांवर पाटी फेकायला गडी तयार नसतात. "सोपं आहे," मामा म्हणाला. "वेल्डर करतो. तू फक्त धर."

महाबळेश्वरच्या रस्त्याला वेल्डरचं दुकान. फाळक्याला बाहेरून ५० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाचे तुकडे जोडायचे आणि कठड्याचे ४० च्या पाइपाचे पाय त्यात उतरवायचे. पाइपाची जाडी ३, म्हणजे आत ४४ ची जागा, दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर खेळ. खालचं तोंड पट्टी मारून अर्धंच बंद करायचं, नाहीतर पावसाचं पाणी साचून चार वर्षांत गंज सगळं खातो. हे सगळं वेल्डरने मला इतक्या आदराने समजावलं, की मी निर्णय घेणारा माणूस आहे असा माझा दोन मिनिटं समज झाला. मग तो म्हणाला, "साहेब, कठडा ओळंब्यात धरा. आता श्वास पण हळू घ्या."

मी धरला. मशीन एकदा चर्र झालं आणि लाईट गेली.

"सोडू का?"

"सोडू नका! एकच टाका बसलाय. हलला की माप गेलं."

तो चहाला गेला. मामा 'आलोच' म्हणून गेला. मी पोलादपुरात भर दुपारी एक लोखंडी कठडा धरून उभा राहिलो. इथून जवळच 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. खुद्द शिवाजी महाराजांचं चरित्र संस्कृतात रचणारा माणूस हाकेच्या अंतरावर आणि मला नाक खाजवायची सोय नाही! महाबळेश्वरला जाणाऱ्या एसटीतून एका पोराने हात केला. मी मान हलवली. एक म्हातारे गृहस्थ थांबले, कठड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "विकायचाय?" त्यांनी विचारलं. एक कुत्रं माझ्या सावलीत येऊन झोपलं. तेवढ्यापुरता तरी मी कुणाच्या उपयोगी होतो. लाईट आली तेव्हा हात माझे आहेत की मामाचे, हे कळायला वेळ लागला.

संध्याकाळी नवा घोळ. सगळ्यांना तांबडा रंग मारून झाला होता आणि बाजूचे चारही कठडे दिसायला सारखे. पण वेल्ड थंड होताना लोखंड ओढून घेतं, त्यामुळे प्रत्येक जोड जराजरा वेगळीकडे झुकलेला. ज्याचा कठडा त्याच्याच घरात जातो, शेजारी जात नाही. मी हिशेब केला: चार कठडे चार जागी २४ प्रकारे, त्यात प्रत्येक उलटसुलट धरला तर ३८४. हा आकडा मी मोठ्याने सांगितला. मामा म्हणाला, "धर." मला खरोखर संताप आला. छिन्नीने एक काप, दोन काप अशा खुणा आधीच करायला कुणी बंदी केली होती का? शेवटी वेल्डरच्या पोराने तेच केलं, आणि तेही माझ्याकडे न बघता.

लाकडं वादळात पडलेल्या आंब्याची. आंबा, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे मामाने कागदही केला होता. पडवीत मागच्या वर्षीच्या दोन राशी होत्या. जागा करायला म्हणून मी लहान राशीतलं ऐनाचं एक खांड उचललं.

"ते नको. सोड."

मामा कधी 'सोड' म्हणत नाही.

"ते घरातलं नाही. वाडीचं आहे. पावसात कुणाचं काही झालं तर." जरा थांबून म्हणाला, "दरडी आल्या त्या साली बघितलं ना. रस्ते बंद, सगळं भिजलेलं. माणूस काय सुक्या लाकडासाठी थांबतो होय?" २०२१ च्या जुलैत केवनाळे, साखर-सुतारवाडी आणि महाडकडचं तळिये. मी खांड जागेवर ठेवलं. नीट, बाकीच्यांच्या ओळीत.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरली. कठड्यांचा एक दुर्गुण कुणी सांगत नाही: ते असले की माणूस वरपर्यंत भरतो. १२० घनफुटांची ट्रॉली ३०० ची झाली आणि ओला आंबा काही कापूस नव्हे. ट्रॅक्टर कण्हत अंगणात आला. आता बाजूचा कठडा काढायचा, की लाकडं आपोआप खाली. त्यासाठी तर सगळा उपद्व्याप! पण लाकडांनी बाहेर रेटून कठड्यांच्या पायांतल्या पिना अशा आवळल्या होत्या, की हातोड्यालाही दाद देईनात. भार उतरल्याशिवाय पीन निघेना आणि पीन निघाल्याशिवाय भार उतरेना.

मामी ओट्यावरून बघत होती.

"मग दरवर्षीसारखं वरूनच उतरवा की," ती म्हणाली. "फक्त यंदा तीन फूट जास्त चढा."

प्रतापगड राहिला. वर चढून लाकडं द्यायला मामा गेला. खाली घ्यायला मी होतोच.