चंद्र अंडरसाइज, गाडी राइट टाइम

चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला ट्रक, फोनवर 'पाच मिनिटांत पोचतो' असं सांगणारा त्याचा ड्रायव्हर आणि गेटवर घड्याळाकडे बघत उभा असलेला स्टोअरवाला, या तिघांच्या जिवावर आमचा औद्योगिक पट्टा चालतो. माल लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच यावा, ही 'जस्ट इन टाइम'ची जपानी पद्धत आम्ही मोठ्या भक्तिभावाने घेतली. जपानमध्ये वाटेत मोशीची कोंडी लागत नाही, एवढी एकच गोष्ट ती घेताना कुणाच्या ध्यानात आली नाही.

म्हणून जगात असाही एक सप्लायर आहे, जो शंभर वर्षं आधी तारीख देतो, वेळ देतो, जागा देतो आणि मग त्यात सेकंदाचाही फरक करत नाही, हे ऐकल्यावर आमच्या कॅन्टीनच्या टेबलावर चहा निवला.

"रेट काय लावतो?" पर्चेसवाल्यांनी विचारलं.

"फुकट."

"मग मालात काहीतरी लोचा असणार."

लोचा होताच. २६ डिसेंबर २०१९ चं सूर्यग्रहण खग्रास नव्हतं, कंकणाकृती होतं. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा आणि योगायोगाने चारशे पट लांबही. त्यामुळे आपल्याला दोघं एकाच मापाचे दिसतात. पण चंद्राची कक्षा लंबगोल. कधी तो साडेतीन लाख किलोमीटरच्या थोडा पुढे असतो, तर कधी चार लाखांच्याही पलीकडे. त्या दिवशी तो जरा लांब होता. शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते, म्हणजे डिसेंबरअखेर सूर्यही जरासा फुगलेला. चंद्राचा व्यास सूर्याच्या व्यासाच्या ९७ टक्केच भरणार होता. आमच्या क्वालिटीवाल्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "शाफ्ट अंडरसाइज, बोअर ओव्हरसाइज. क्लिअरन्स फिट. चारी बाजूंनी उजेड लीक होणार. रिजेक्ट."

"अहो, त्या लीकलाच कंकण म्हणतात. लोक ते बघायला जातात."

"लोक जातात म्हणून मी पास करू? फार तर डेव्हिएशनवर घेतो."

असं डेव्हिएशनवर ते ग्रहण मंजूर झालं. त्याला आणखी एक कारण होतं. २६ डिसेंबरला गुरुवार होता! विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून औद्योगिक भागांना आठवड्याचे वेगवेगळे वार सुट्टीसाठी नेमून दिलेले असतात आणि आमच्या वाट्याला गुरुवार आलेला आहे. जग रविवारी लग्नं करतं, तेव्हा आम्ही पहिल्या पाळीत असतो. आम्ही गुरुवारी मोकळे होतो, तेव्हा सगळे नातेवाईक ऑफिसात असतात. आकाशातली एखादी घटना आमच्या साप्ताहिक सुट्टीची चौकशी करून ठरावी, हा मान पट्ट्याला पहिल्यांदाच मिळत होता. त्यातून बुधवारी नाताळ. शुक्रवारची एक रजा टाकली की काम भागत होतं.

कंकण दिसण्याचा पट्टा कासरगोड जिल्ह्यातल्या चेरुवत्तूरवरून जात होता. चेरुवत्तूरला रेल्वे स्टेशन आहे, एवढं कळल्यावर बाकी केरळची माहिती कुणी विचारली नाही.

घरी मात्र आत्या होती.

आत्या जेऊरची. करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचं जेऊर. हिवाळ्यात ती गुडघे दाखवायला चिंचवडला येते आणि गुडघे सोडून घरातल्या बाकी सगळ्यांना तपासते. ग्रहण बघायला गाडीनं जायचं, हे ऐकून तिने कपाळावर हात मारला. "गिराण लागलं की माणसं घरात बसत्यात. ही बेणी तिकीट काढून त्याच्यापुढं जाऊन उभी राहणार!"

तिचंही खरं होतं. १६ फेब्रुवारी १९८० ला कर्नाटकातल्या रायचूर भागातून खग्रास ग्रहण गेलं, तेव्हा अख्खा देश दारं-खिडक्या लावून बसला होता. लोकांनी बाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने भर दिवसा 'चुपके चुपके' लावला होता, असं त्या पिढीची माणसं अजून सांगतात. सूर्याशी टक्कर घ्यायची म्हणजे धर्मेंद्रच पाहिजे.

मी ठेवणीतला पत्ता काढला. "आत्या, तू कुणाला सांगतेस? २२ जानेवारी १८९८ ला ग्रहण खुद्द तुमच्या जेऊरला आलं होतं. आणि ते बघायला अमेरिकेतून साहेब आले होते."

"जेऊरला? कशापायी?"

मग मी सविस्तर सांगितलं. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन जेऊरच्या माळावर उतरले होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले, म्हणजे आजच्या सीओईपीमधले, प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली तुकडी घेऊन तिथेच आले होते. त्यांच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत वीस इंची दुर्बीण होती, तेव्हाची देशातली सगळ्यांत मोठी. पुढे १९१२ मध्ये ती कोडाईकनालला गेली. तिकडे वर्ध्याकडे पुलगाव आणि तळणी या स्टेशनांपाशी इंग्रजांचे तळ पडले होते. तळणीला ॲनी माँडर या बाईंनी जेमतेम दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबलचक किरण टिपला आणि भल्याभल्यांना मागे टाकलं. यंत्रं टनावारी, त्यामुळे शास्त्रज्ञ नकाशावर आधी सावली शोधायचे आणि मग सावलीत रूळ. सावली आणि रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे तंबू. जेऊरला दोन्ही होतं.

आत्या बराच वेळ गप्प बसली. जेऊरला अमेरिकेतला माणूस येऊन गेला आणि तिच्या गावच्या एकाही माणसाने तिला हे सांगितलं नाही, याचा राग तिने आधी गावच्या लोकांवर काढला. मग म्हणाली, "माझं तिकीट काढलंस का?"

बुधवारी आम्ही एस.टी.ने पनवेल गाठलं आणि तिथून केरळची गाडी पकडली. वेल्डरभाऊंनी चौदा नंबरची काच आणली होती. शॉपमध्ये हेल्मेटला दहा-अकरा नंबरची असते, ती सूर्याला चालत नाही, चौदाच लागते. हार्डवेअरच्या दुकानदाराने "चौदा नंबर कशावर वापरणार?" असं विचारल्यावर भाऊंनी "सूर्यावर" असं खरं उत्तर दिलं आणि त्याने उगाच आदराने दहा टक्के सूट दिली. ती काच जुन्या सॉक्समध्ये गुंडाळून भाऊंनी बर्थवर उशाशी ठेवली.

रत्नागिरी मागे पडल्यावर कणकवलीला उतरणारे एक काका आमच्या गप्पांत शिरले. ते देवगड तालुक्यातले. ग्रहणाचं नाव काढताच त्यांची छाती रुंदावली. "हेलियमचो शोध आमच्या विजयदुर्गार लागलो! लॉकियर सायबान लावलो, १८६८ साली. किल्ल्यार सायबाचे ओटे अजून आसत."

आमच्या क्वालिटीवाल्यांना कागद तपासल्याशिवाय काही पटत नाही. त्यांनी फोनवर शोधाशोध केली आणि भीत भीत म्हणाले, "काका, १८६८ च्या ऑगस्टमध्ये ग्रहण होतं, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. इकडे गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. लॉकियरनी ऑक्टोबरमध्ये लंडनमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या प्रकाशात ती रेषा पाहिली. विजयदुर्गला ते आले १८९८ च्या ग्रहणाला."

"म्हणजे इलो ना?"

"आले, पण तीस वर्षं लेट."

"इलो मां? मगे झाला!" काकांनी विषय मिटवला. कोकणात पाहुणा आला हे महत्त्वाचं. कधी आला, हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही.

लॉकियरसाहेब आले ते समुद्रातून, मेल्पोमीन नावाच्या युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी धरून. गाडीने यायचं मनात आणलं असतं, तर पंचाईत होती. ते ग्रहण २२ जानेवारी १८९८ चं आणि कोकण रेल्वे सलग धावू लागली २६ जानेवारी १९९८ ला. साहेबांना विजयदुर्गच्या ओट्यावर बरोबर शंभर वर्षं आणि चार दिवस गाडीची वाट बघावी लागली असती. पर्चेसवाले म्हणाले, "एवढा लीड टाइम आपण परदेशी मशिनलाही देत नाही."

कणकवली गेल्यावर आत्याने घड्याळ मागितलं. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. ग्रहण सकाळी आठनंतर, म्हणजे रात्री आठच्या आत सगळ्यांची जेवणं झाली पाहिजेत. चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, असं वेधाआधीचं जेवण शिफ्ट सुटल्यासारखं उरकलं. साडेआठला पँट्रीवाला व्हेज बिर्याणी घेऊन आला. पर्चेसवाल्यांचा चेहरा पाहून आत्याला दया आली. तिने पदराच्या गाठीतून तुळशीचं पान काढलं, बिर्याणीवर ठेवलं आणि म्हणाली, "खा. आजारी माणसाला चालतं."

"मी आजारी नाही, आत्या."

"बिर्याणीसाठी एवढं तोंड पाडणारा आजारीच असतो."

प्रवासाच्या आखणीत आम्ही गाडी चार तास उशिरा येणार असं गृहीत धरलं होतं. पट्ट्यातला माणूस बफर ठेवल्याशिवाय बाथरूमलाही जात नाही. पण गाडीने दगा दिला. ती वेळेवर पोचली. पहाटेच्या काळोखात कासरगोडच्या फलाटावर आम्ही उतरलो, तेव्हा हातात शिल्लक वेळ एवढा होता की त्याचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. वेळ कमी पडल्यावर काय करायचं, याची आमच्याकडे ट्रेनिंग होतात. उरल्यावर काय करायचं, याचं अजून एकही झालेलं नाही. शेवटी क्वालिटीवाल्यांनी फलाटावरच्या नळांची गळती मोजली आणि थोडं हलकं वाटलं म्हणाले.

उजाडता उजाडता लोकल गाडीने चेरुवत्तूर गाठलं. तिथे जत्रा होती. चष्मे घातलेली शाळेची पोरं, तिकाटण्यांवर दुर्बिणी, लुंग्या गुडघ्यावर घेतलेले आजोबा. आठ वाजून काही मिनिटांनी सूर्याच्या कडेला पहिला चावा पडला आणि आमच्यासमोर निखळ औद्योगिक प्रश्न उभा राहिला. काच एक. माणसं आमची सहा. कंकण तीनेक मिनिटांचं. त्यात शेजारी उभ्या असलेल्या, चष्मा नसलेल्या माणसांनीही काचेकडे बघायला सुरुवात केली होती.

मग जे झालं, ते पिंपरी-चिंचवडची माणसंच करू शकतात. वेल्डरभाऊंनी काच धरायची जागा ठरवली. क्वालिटीवाल्यांनी जमिनीवर चपलेने रेघ ओढली: इथून यायचं, इथे थांबायचं, इकडून बाहेर. पर्चेसवाले स्टॉपवॉच लावून उभे राहिले. दर माणशी पाच सेकंद. खंडग्रास चालू असताना एकदा ट्रायल रन घेतला. एक आजोबा सात सेकंद थांबले, म्हणून त्यांच्यामागच्या दोन पोरांना चार-चार सेकंदांवर आणून लाइन बॅलन्स केली. भाषेची अडचण आली नाही. 'नेक्स्ट' हा शब्द चाकणपासून चेरुवत्तूरपर्यंत सगळीकडे चालतो.

माडांच्या झावळ्यांतून पडणारा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. ऊन होतं, पण त्यातला दम गेलेला. सव्वानऊ उलटून गेले आणि पुढच्या काही मिनिटांत कवडशांच्या कोरी मिटून बारीक बांगड्या झाल्या. लाइन सुरू झाली. पोरं, बाया, लुंग्या, आम्ही, सगळे पाच-पाच सेकंदांच्या ठोक्यावर सूर्यापुढून सरकत होतो. काचेतून हिरवट दिसणारी ती कडी इतकी गोल, इतकी पातळ आणि चहूबाजूंनी इतकी सारखी होती की क्वालिटीवाले आपले पाच सेकंद संपवून बाहेर आले, तेव्हा हळूच म्हणाले, "कॉन्सेंट्रिसिटी चांगली आहे." आमच्या पट्ट्यात यापेक्षा मोठी दाद नाही.

आत्याने मात्र काच डोळ्याला लावली, खाली केली आणि आभाळाकडे पाठ करून विचारलं, "अंधार कुठाय?"

"आत्या, हे कंकणाकृती. यात अंधार होत नाही. चंद्र लहान पडतो ना."

"एवढ्या लांब आणून अंधार पण न्हाय? आमच्या जेऊरला पुरा अंधार पडला असंल."

पडला होता, दोनेक मिनिटं. ते मान्य केल्यावरच ती पुन्हा काचेकडे वळली. तिच्या मागे लाइनमध्ये एक पांढऱ्या मुंडूतली म्हातारी होती. आत्याने स्वतःच्या उरलेल्या दोन सेकंदांसकट काच तिच्या हातात दिली आणि पर्चेसवाल्यांना दरडावलं, "तिला जास्त वेळ बघू दे. डोळं अधू हायती तिचं." लाइन दोन सेकंद मागे पडली. कुणी तक्रार केली नाही.

अकरानंतर ग्रहण सुटलं. लहानपणी मोक्षाच्या वेळी गल्लीतून 'दे दान सुटे गिराण' अशी आरोळी यायची. इथे ती द्यायला कुणी नव्हतं, म्हणून आत्याने स्वतःच दिली आणि दान म्हणून शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी त्या म्हातारीच्या हातात ठेवली. म्हातारीने कमरेच्या बटव्यातून केळ्याचे वेफर्स काढून दिले. दोघी पुढे अर्धा तास बोलत बसल्या, एक मराठीत आणि एक मल्याळममध्ये. गुडघ्यांविषयी असावं, कारण दोघी मधूनमधून तिथे हात लावून दाखवत होत्या.

परतीच्या गाडीत पर्चेसवाल्यांनी हिशेब मांडला. एकूण खर्च भागिले तीन मिनिटं, असा आकडा काढल्यावर सगळे गंभीर झाले. मग भाऊंनी विचारलं, "आणि लाइनीतनं जी दुसऱ्यांची माणसं बघून गेली, ती कोण मोजणार?" ती धरल्यावर दर माणशी भाव पुष्कळ खाली आला. पर्चेसवाल्यांनी वही समाधानाने मिटली.

"पुढचं कधी हाय?" वरच्या बर्थवरच्या बॅगा मोजत आत्याने विचारलं.

दक्षिणेत पुन्हा कंकणाकृती २१ मे २०३१ ला, केरळ-तमिळनाडूतून. ते तिने कंकणाकृती शब्दावरच फेटाळलं. खग्रास हवं असेल, तर २० मार्च २०३४, लडाखमधलं कारगिल.

"तिथं पुरा अंधार?"

"पुरा."

"गाडी जाती का?"

"कारगिलला अजून रेल्वे नाही, आत्या."

"चौदा वर्षं हायती की. तेवढ्यात रामाचा वनवास झाला, ह्यांचं रूळ व्हायला काय हरकत हाय?" मग तिने क्वालिटीवाल्यांकडे बोट केलं. "आणि तुमी, तोवर त्या चंद्राचं माप तेवढं वाढवून घ्या."