‘ई’चं तोंड कुठल्या अंगाला?

भालकीच्या बसस्टँडवर पाटी वाचून गाडीत चढणारा माणूस विरळाच. गाडी लागली की चौघे पुढे होतात, “उदगीर का वो?” म्हणतात आणि कंडक्टरनं मान हलवली की आत घुसतात. कर्नाटकच्या गाडीवर कन्नड पाटी, महाराष्ट्राच्या लाल गाडीवर देवनागरी, आणि बाजारात शिरलं की अधूनमधून उर्दू. १९५६ साली निजामाच्या मुलखाची वाटणी झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि बीदर, भालकी, औराद म्हैसूरकडे. सोयरिकी काही हलल्या नाहीत, पाट्या तेवढ्या बदलल्या. तेव्हा विचारण्यात इथं कुणालाच कमीपणा वाटत नाही. ज्याला कन्नड येत नाही तो विचारतो, ज्याला मराठी येत नाही तो विचारतो, ज्याला अक्षरओळखच नाही तोही विचारतो. आणि या गर्दीत, ज्याला मुळात पाटीच दिसत नाही, तो वर्षानुवर्षं बिनबोभाट खपून जातो.

मास्तरकीतून मोकळा झाल्यापासून मी डोळ्यांच्या शिबिरांत चार शब्द सांगायला जातो, आणि माझी पंचाईत इथूनच सुरू होते. समोर बसलेल्या कुणालाही विचारा, “दिसतं का मामा?” उत्तर ठरलेलं: “समदं दिसलालंय की.” खोटं कुणीच बोलत नाही. घर, गोठा, रान, देऊळ सगळं पाठ आहे, त्यात न दिसण्यासारखं उरलंय काय?

मग येतो तो तक्ता. १८६२ साली हॉलंडमधल्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरनं तो बसवला. वीस फुटांवरून, म्हणजे सहा मीटरवरून वाचायचा. सगळ्यात वरचं थोराड अक्षर निरोगी डोळ्याला साठ मीटरवरूनही वाचता येतं. हिशेब चोख आहे, पण स्नेलेनसाहेब आमच्या सीमेवर कधी आले नव्हते. कन्नड तक्ता टांगला की मराठी शाळेत शिकलेला म्हातारा गप्प. देवनागरी टांगला की शेजारचा कन्नडवाला गप्प. उर्दूत शिकलेले चाचा दोघांकडे बघून हसतात. आता ही चूक डोळ्याची म्हणायची, की मास्तराची, की राज्यपुनर्रचना आयोगाची?

यातून सोडवणूक करतो तो इंग्रजी ‘ई’. उलटासुलटा, आडवा, उभा. त्याला वाचायचं नसतंच, त्याचे तीन दांडे कुठे वळलेत एवढं हातानं दाखवायचं. आमच्या भागात बिनविरोध निवडून येईल असं हे एकच अक्षर. तरीही अडचण होतेच. शेतकरी माणूस डावं-उजवं फारसं बोलत नाही, तो जागा बोलतो. “तोंड कुठल्या अंगाला?” असं विचारलं की उत्तर येतं, “मारुतीच्या देवळाकडं.” खालच्या ओळीतला? “ह्यो बसवकल्याणच्या अंगाला.” तपासणाऱ्या बेंगळुरूच्या पोरीला आधी बसवकल्याण कुठल्या अंगाला ते समजावून द्यावं लागतं, मग कळतं की मामांची नजर ठणठणीत आहे.

लांबचं असं निभावतं. जवळचं कळायला मात्र स्वयंपाकघरात शिरावं लागतं. कलबुर्गीची तूर नावाजलेली, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंचेचाळिशीच्या एखाद्या माउलीला विचारा, “मावशी, तूर निवडताना खडा दिसतो का?” ती म्हणेल, “आता सून निवडती की.” सुईत दोरा? “नात ओवून देती.” ऐकणाऱ्याला वाटतं, काय मान आहे घरात! खरं तर ती चाळिशी असते, पण वडीलकीच्या पदराखाली ती इतकी झाकून जाते की मावशीलाही पत्ता लागत नाही. ज्याला हाताखाली कुणी नाही, त्याचं लवकर उघडं पडतं. बीदरच्या बिदरी कारागिराला काळ्या धातूवरच्या केसाएवढ्या चरीत चांदीची तार बसवायची असते. तिथं सून कामाला येत नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन पाहिले. २०१८ साली छापून आलेला त्याचा निष्कर्ष असा, की चष्मा न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या कामात सुमारे बावीस टक्क्यांची जास्त वाढ झाली. हा आकडा मी शिबिरात सांगतो. मावश्या ऐकतात आणि विचारतात, “मजुरी वाढवली का मग त्यांची?”

समजुतींशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. सुरमा आणि मधाबद्दल एवढंच म्हणतो, की ते डोळ्यांत नको. पण “मोतीबिंदू पिकल्याबिगर काढायचा नसतो” म्हणणारे आजोबा अगदीच अडाणी नव्हेत. त्यांनी पाहिलेल्या ऑपरेशनात डोळ्यातलं भिंग काढलं की काढलं, त्याजागी काही बसत नसे. पुढे जन्मभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. मग पार दिसेनासं होईस्तोवर थांबणं शहाणपणाचंच होतं. लंडनच्या रिडली डॉक्टरांनी १९४९ साली डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं खरं, पण ते आमच्या वाडीवस्तीला पोचायला कैक वर्षं लागली. आता बारीक छेदातून भिंग बसतं, आणि जास्त पिकू दिलेला मोतीबिंदूच उलट ताप देतो. हे आजोबांना माझ्याकडून पटत नाही. बिळगीचे डॉक्टर मोदी कर्नाटकात गावोगाव शिबिरं भरवून ऑपरेशनं करत. आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले डॉक्टर लहाने यांनी मुंबईच्या जे.जे.त लाखाच्या वर केली. त्यांची नावं घेतली की आजोबा मान डोलावतात, उठत मात्र नाहीत.

आता डोळ्यांच्या ‘आशाकिरण’ योजनेत आशाताई दारोदार फिरून विचारतात, कलबुर्गी जिल्ह्यातही विचारून झालं. माणूस हलतो तो मात्र गल्लीतलं कुणीतरी डोळा करून आलं की. आणि त्यातही पारूमावशीसारखी कुणी असली, तर माझ्या भाषणाची गरजच उरत नाही. काळा चष्मा उतरल्यावर सुनेनं निवडलेल्या डाळीत तिला पहिल्याच दिवशी तीन खडे सापडले, कोपऱ्यातली जळमटं दिसली आणि नातवाच्या खिशातली गुटख्याची पुडीही. ही बातमी आठ दिवसांत गावभर झाली. पुढच्या शिबिराला सासूला घेऊन यायला सुनांना वेळ नव्हता. सासवा एकमेकींचा हात धरून, रिक्षा ठरवून, आपल्या आपण आल्या.