पाचशे रुपयांत मोफत

जून सरत आला की चौकातल्या झेरॉक्सवाल्याची पाटी बदलते. अकरावीचे ऑनलाइन अर्ज, उत्पन्नाचे दाखले, रेल्वेचं रिझर्व्हेशन या ओळींखाली लाल स्केचपेनानं नवी ओळ चढते : 'इन्कम टॅक्स रिटर्न भरून मिळेल. फक्त ५०० रु.' त्यातला 'फक्त' मोठा मार्मिक आहे. कारण ज्या सरकारी संकेतस्थळावर हा गृहस्थ रिटर्न भरतो, तिथं भरणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. लॉगइन फुकट, फॉर्म फुकट, पोचपावती फुकट.

तरी दुकानापुढं रांग असते. तीत बँकेतून निवृत्त झालेले असतात, शाळेत गणित शिकवणारे असतात, मोबाइलवर शेअर घेणारी पोरंही असतात. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे बँका आणि पोलीस सांगून थकले. इथं काका काउंटरवर झुकून सहा आकडे खणखणीत आवाजात म्हणतात, आणि मागचा माणूस 'शेवटी सात-नऊ की नऊ-सात?' असं विचारून खात्री करून देतो. सख्ख्या जावयाला ज्यानं कधी पगार सांगितला नाही, तो दुकानातल्या पोऱ्यापुढं फॉर्म सोळा उलगडून ठेवतो.

हे पाचशे रुपये भीतीचे आहेत. चुकलं तर नोटीस येईल, ही ती भीती. आलीच तर ती दुकानदाराला येणार नाही, ज्याचा पॅन त्यालाच येणार, हे मात्र रांगेत कोणी काढत नाही.

आत भिण्यासारखं काय आहे ते एकदा पाहून घेऊ. पगार किंवा पेन्शन, राहतं घर, बँकेचं व्याज आणि सगळं मिळून ५० लाखांच्या आत, एवढाच पसारा असेल तर आयटीआर-१. त्याचं सरकारी नाव 'सहज'. चौथ्या फॉर्मचं नाव 'सुगम'. दुसऱ्या आणि तिसऱ्या फॉर्मला सरकारनं नाव ठेवलेलं नाही. ते काम करदाते करतात.

दारातच एक गंमत आहे. नोंदणी करताना तुम्ही स्वतःसाठी एक संदेश लिहून ठेवता. पासवर्ड टाकण्याआधी तोच संदेश तुम्हाला दाखवतात आणि ओळखल्याची खूण करायला लावतात. काही वर्षांपूर्वी घाईत खरडलेलं 'नमस्कार' पुढं येतं आणि सरकार आपल्याशी अदबीनं बोलतंय असा भास होतो. तो पुढच्या पानावर जाईपर्यंतच टिकतो. तिथं कमाईचं वर्ष एक आणि रिटर्नचं वर्ष दुसरं. ही भानगड १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं मिटवली आहे, आता एकच 'कर वर्ष'. पण ३१ मार्चपर्यंतची कमाई १९६१ च्याच कायद्याखाली दाखवायची असल्यानं मिटलेली भानगड यंदाही भोगायची आहे.

मग विचारतात, रिटर्न का भरता? उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त आहे म्हणून? परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च केला म्हणून? वर्षाचं वीजबिल १ लाखावर गेलं म्हणून? मग नोकरी कुठली? यादीत केंद्र सरकार आहे, राज्य सरकार आहे, सार्वजनिक उपक्रम आहेत, पेन्शनरांच्या तर पोटजाती आहेत. हिंजवडीपासून अंधेरीपर्यंत खासगी नोकरीत राबणारे जे कोणी आहेत, ते 'इतर'. ज्यांच्या पगारातून दरमहा बिनबोभाट कर कापला जातो, त्यांच्यासाठी शेवटच्या ओळीत तेवढी जागा उरली होती.

पुढं बहुतेक रकाने आधीच भरलेले असतात. पगार आणि कापलेला टीडीएस कंपनीनं कळवलेला, व्याज बँकेनं. नोव्हेंबर २०२१ पासून हे सगळं 'एआयएस' नावाच्या एका चोपडीत मिळतं. ज्या बँकेत आपलं खातं आहे हे तुम्हीच विसरलात, तिथलं साठ-सत्तर रुपयांचं व्याजही तीत सापडतं. सरकारला सगळं ठाऊक आहे, तर मग विचारतं कशाला? तुम्हाला ठाऊक आहे का, हे बघायला. नोंद पटली नाही तर अभिप्राय द्यायची सोय आहे : माहिती बरोबर, दुसऱ्याची किंवा दुसऱ्या वर्षाची, दोनदा आलेली, नाकबूल. चोपडीची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो. पॅन इंग्रजी छोट्या अक्षरांत, पुढं जन्मतारीख. जन्मभर पॅन मोठ्या अक्षरांत लिहिलेला माणूस इथं हमखास अडतो आणि खिशातून पाचशेची नोट काढतो.

झेरॉक्सवाला त्यातल्या त्यात सरळ माणूस. खरे कलावंत म्हणजे 'रिफंड काढून देतो' म्हणणारे. ते टक्क्यांवर काम करतात. त्यांच्या कृपेनं सव्वीस वर्षांचा अविवाहित इंजिनिअर दोन मुलांची शाळेची फी भरतो, आईवडिलांच्या घरात राहून तिऱ्हाइताला भाडं देतो, आणि ज्याचं निवडणूक चिन्ह त्याला सांगता येणार नाही अशा पक्षाला कलम ८०जीजीसीखाली सढळ हातानं देणगी देतो. असल्या वजावटींसाठी प्राप्तिकर खात्यानं जुलै २०२५ मध्ये देशभरात १५० ठिकाणी झडती-पडताळणी केली. टक्का घेणारा तोवर टक्का घेऊन मोकळा झालेला असतो.

अमेरिकेचं कौतुक करणाऱ्यांसाठी एक बातमी. तिथल्या करखात्यानं स्वतःची मोफत सोय २०२४ साली १२ राज्यांत सुरू केली, २०२५ मध्ये २५ राज्यांत नेली आणि मग गुंडाळून टाकली. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या वाट्याला ती एक हंगाम आली. आपली निदान चालू आहे.

चालू आहे, याचा अर्थ वेळेवर चालते असं नव्हे. आताचं संकेतस्थळ ७ जून २०२१ ला सुरू झालं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी देशाच्या अर्थमंत्र्यांनीच ट्विटरवर ते बांधणाऱ्या इन्फोसिसच्या नंदन नीलेकणींकडे गाऱ्हाणं मांडलं. त्या वर्षी ३१ जुलैची मुदत लांबत लांबत ३१ डिसेंबरला पोचली. २०२५ मध्ये ती आधी १५ सप्टेंबर झाली आणि १५ सप्टेंबरच्या रात्री आणखी एक दिवस वाढली. या उदारपणामुळे देशात मुदतवाढीची वाट पाहणारा एक पंथच तयार झाला आहे. २०२४ मध्ये मुदतवाढ मिळाली नाही, तर एकट्या ३१ जुलैला सुमारे ७० लाख रिटर्न भरली गेली. एवढी माणसं एकाच दारातून एकाच दिवशी घुसली तर दार कुरकुरणारच.

व्याजाचा न्यायही पाहून ठेवा. कर भरायला तुम्हाला उशीर झाला तर महिन्याला एक टक्का. रिफंड द्यायला त्यांना उशीर झाला तर महिन्याला अर्धा टक्का. आणि तो अर्धा टक्का पुढच्या वर्षी तुमचं 'इतर उत्पन्न', त्यावर पुन्हा कर.

धंदा असेल, शेअरची रोजची उलाढाल असेल, परदेशातून पैसा येत असेल, तर खुशाल सीएकडे जा, त्याची फी त्याच्या विद्येची आहे. बाकीच्यांनी फॉर्म सोळा आणि एआयएस शेजारी ठेवून आकडे जुळवावेत, जुन्या-नव्या प्रणालीत कर किती येतो ते तिथल्याच फुकटच्या कॅल्क्युलेटरवर बघावं आणि 'सबमिट' दाबावं. तिथंच उठू नये. आधार ओटीपीनं किंवा नेटबँकिंगनं ३० दिवसांत पडताळणी केली नाही, तर ज्या दिवशी कराल तीच रिटर्नची तारीख धरतात. मुदत उलटलेली असेल तर लेट फी लागते, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार, वर असेल तर ५ हजार रुपये.